आधी सडा पाहा, मग नकाशा आखा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे आणि त्यांची राखण करणारी माणसे



११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि महाराष्ट्राची मान उंचावली. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही त्यांतली नावे दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावरची. तो आनंद खरा होता आणि त्यामागे शासनाने घेतलेले कष्टही खरे होते. पण याच कोकणातली काही ठिकाणे त्याआधी तीन वर्षांपासून युनेस्कोच्या दारात उभी आहेत. त्यांना तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. मार्च २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे संभाव्य यादीत नोंदवली गेली. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही सात ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातले, आणि पणसायमळ गोव्यातले. किल्ल्यांचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. या नऊ ठिकाणांचे मात्र अजून द्यावे लागते आहे, आणि ते काम गेली कित्येक वर्षे सामान्य माणसे पदरमोड करून करत आहेत. हे पत्र त्यांच्याविषयी आहे.

कोकणी माणूस ज्याला सडा म्हणतो, ते म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. मे महिन्यात चप्पल काढून पाय टेकवता येत नाही इतके ते तापते. बाहेरून आलेल्याला तिथे काळपट खडक, वाळके गवत आणि एखाददुसरे करवंदीचे जाळे याखेरीज काही दिसत नाही. सरकारी कागदाची नजरही तशीच. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराब्यात पडते, आणि पडीक जमिनींच्या नकाशात असे उघडे खडक नापीक म्हणून रंगवले जातात. उद्योगासाठी जागा शोधणाऱ्या अधिकाऱ्याला साहजिकच ती सोयीची वाटते : वस्ती नाही, बागायत नाही, झाडे तोडायची नाहीत. आक्षेप कोण घेणार?

आक्षेप घेणारी माणसे निघाली. ती का निघाली, हे समजून घ्यायचे तर सडा जवळून पाहिला पाहिजे.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड हे व्यवसायाने विद्युत अभियंता. धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांच्यासह त्यांनी कातळशिल्पांचा माग काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यामागे ना विद्यापीठ होते, ना सरकारी निधी. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, एखाद्या वाडीत जायचे आणि गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, ‘सड्यावर कुठे चित्रे आहेत का हो?’ गुराख्यांना ती ठाऊक होती. त्यांच्या आज्यापणज्यांनाही ठाऊक होती. काही ठिकाणी तर गावकरी तिथे नारळ ठेवत आले होते. ठाऊक नव्हती ती फक्त ग्रंथांना आणि दफ्तरांना. मग खराट्याने माती झाडायची, वाळके गवत बाजूला सारायचे, आणि पायाखालच्या खडकातून हळूहळू हत्तीची सोंड, वाघाचा जबडा किंवा माशाचे शेपूट बाहेर यायचे. एक सडा झाला की दुसरा. आज नोंदवलेल्या शिल्पांची संख्या दीड हजारांच्या वर गेली आहे.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. उभे राहून तो एका नजरेत मावतच नाही. त्याच्या बाह्यरेषेच्या आत सत्तरहून अधिक लहानमोठ्या आकृत्या कोरल्या आहेत, त्यांत जनावरे आहेत, पक्षी आहेत, पाण्यातले जीव आहेत. गेंडा आणि पाणघोडा आज कोकणात नाहीत, पण इथल्या कातळावर ते आढळतात. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे, आणि तो पाहून अभ्यासकांना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांची आठवण होते. देवाचे गोठणे येथे मनुष्याकृतीजवळ होकायंत्र ठेवले की सुई भरकटते. हे सारे नेमके कधी कोरले गेले यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण मध्याश्मयुगापासून ऐतिहासिक काळाच्या उंबरठ्यापर्यंत माणूस या खडकावर काही सांगत आला, एवढे मान्य आहे. कोकणच्या इतिहासाचे पहिले पान दगडावर आहे आणि ते उघड्यावर आहे.

आता पावसाळ्यातला सडा. जूनच्या पहिल्या सरींनंतर आठ-पंधरा दिवसांत तोच तापलेला कातळ ओळखू येत नाही. खडकाच्या खोलगट भागात इंच-दोन इंच माती असते, तेवढ्यावर एक अख्खी सृष्टी उभी राहते. दीपकाडी नावाचा कंद पांढऱ्या फुलांनी डोलू लागतो. तो दक्षिण कोकण आणि गोव्याच्या जांभ्या सड्यांचाच रहिवासी, जगात दुसरीकडे नाही. मागोमाग सीतेची आसवे येतात. इवल्याशा निळ्याजांभळ्या फुलांची ही कीटकभक्षी वनस्पती आपली भूक मातीतून भागत नाही म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. गेंद, कवला, तेरडा, दवबिंदू यांची रांगच लागते. शिल्पाच्या चरात, म्हणजे कुणा प्राचीन माणसाने छिन्नीने पाडलेल्या बोटभर खोल रेषेत, पाणी साठते. त्या पाण्यात बेडकाची पिल्ले वळवळत असतात आणि काठाला सीतेची आसवे उमललेली असतात. इतिहास आणि निसर्ग यांची खाती मंत्रालयात वेगवेगळ्या मजल्यांवर असतील, सड्यावर ती एकाच वीतभर जागेत राहतात.

सुट्या दगडांखालचे जग तर याहून अपरिचित. डॉ. अपर्णा वाटवे यांनी पश्चिम घाटाच्या आणि कोकणच्या खडकाळ पठारांचा अभ्यास करण्यात उमेदीची वर्षे घालवली. जितिन विजयन, रोहित नानिवडेकर यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांच्यासोबत सड्यावरचे हजारो दगड एकेक करून उचलले, खाली कोण राहते याची नोंद केली आणि प्रत्येक दगड जिथल्या तिथे परत ठेवला. दगड परत नीट ठेवणे महत्त्वाचे, कारण ते कुणाचे तरी छप्पर असते. फुरसे, सरडे, पाली, विंचू, बेडूक यांचा संसार त्या छपराखाली चालतो. आणि हातपाय नसलेले, गांडुळासारखे दिसणारे पण बेडकाच्या कुळातले देवगांडूळही. त्याची एक जात २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून विज्ञानाला प्रथम ज्ञात झाली. कलमांच्या बागा आणि भातखाचरे झालेल्या जागांशी उघड्या सड्याची तुलना केली तेव्हा या जिवांच्या वस्तीत फरक पडल्याचे या संशोधकांना दिसले. जमीन नापीक आहे असे म्हणणाऱ्याने निदान एक दगड उचलून पाहिला असता, तर त्याचे मत बदलले असते.

सड्याचे पाण्याशी असलेले नाते वेगळेच. जांभा सच्छिद्र दगड आहे. कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बराचसा समुद्राला मिळतो, पण सड्यावर पडलेले पाणी खडकातून झिरपत उतारावरच्या झऱ्यांना, पऱ्ह्यांना आणि विहिरींना जाऊन मिळते. वाडी खाली असते, तिचे पाणी वरून येते. गावातल्या बायका हे कुठल्याही भूजल अहवालाआधीपासून जाणतात.

एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा भर उन्हात कातळावर आडव्या झालेल्या त्याच होत्या. नाणार येथून मार्च २०१९ मध्ये मागे घेतलेला प्रकल्प काही कोसांवर पुन्हा आला होता. मूळ आराखड्याप्रमाणे वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता होती. पोलीस आले, अनेकांना ताब्यात घेतले गेले, वाहिन्यांवर आठवडाभर चर्चा झडल्या. आंदोलकांना विकासविरोधी ठरवले गेले. कातळशिल्पांना धक्का लागू देणार नाही, असेही सांगितले गेले.

मुख्यमंत्री महोदय, या शेवटच्या वाक्यापाशी थांबण्याची विनंती आहे. ते चांगल्या हेतूने उच्चारले गेले असेल, पण त्यात सड्याबद्दलचे सगळे अज्ञान साठलेले आहे. शिल्पाला धक्का लावायचा नाही, म्हणजे काय करायचे? भोवती चार हात सोडून चिऱ्याचा गडगा घालायचा आणि उरलेला सडा सपाट करायचा? मग पावसाचे पाणी कुठून येईल, दीपकाडी कुठे उगवेल, आणि हत्ती कोरणाऱ्याने ज्या मोकळ्या पठारावर उभे राहून समुद्राकडे पाहिले, ते पठार कुठे राहील? जागतिक वारसा यादीत जायचे असेल तर युनेस्को नुसते शिल्प मागत नाही. कायद्याचे संरक्षण, व्यवस्थापनाचा आराखडा आणि स्थळाभोवतीचा राखीव पट्टा ते तपासते. प्रस्तावाची फाईल घेऊन पॅरिसला जायचे आणि इकडे सड्याचे तुकडे पाडायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत.

सड्याचा घास एकटे मोठे प्रकल्पच घेतात असे नाही. चिरेखाणी सड्यावर आहेत, आणि एकदा चिरा काढून झाला की मागे चौकोनी खड्डा उरतो. यंत्राने कातळ फोडून, सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती भरून हापूसची कलमे लावली जातात. यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. कासचे पठार वनखात्याचे आहे, कोकणचा सडा मात्र बहुतांशी खाजगी मालकीचा, आणि तोही भाऊबंदकीत वाटला गेलेला. ज्याच्या वाट्याला चार एकर कातळ आला, त्याने मुलांच्या शिक्षणासाठी तिथे कलमे लावली तर कोणत्या तोंडाने त्याला अडवायचे? त्याच्या कातळात हत्ती सापडला म्हणून त्याला आज काय मिळते? बहुतेक वेळा फक्त धास्ती, की आता आपली जमीन जाणार. शिल्प सापडल्याचे सांगायला मालक कचरतो, यात नवल नाही. राखण करणाऱ्या माणसांनी हे ओळखले आहे. म्हणून ते मालकाच्या ओटीवर बसून आधी त्याच्याशी बोलतात, आणि मगच सड्यावर जातात. उक्षीला गावाला सोबत घेऊनच शिल्पाची राखण उभी राहिली.

लोकांना सोबत घेतले की काय होते याचा दाखला त्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आहे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. शेजारी बाणकोटचा किल्ला, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ च्या सुमारास समुद्री गरुडाची घरटी शोधत या किनाऱ्यावर फिरत होते, तेव्हा त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांची उकरलेली घरटी दिसली. अंडी काढून खाण्याची, विकण्याची रीत सर्रास होती. त्यांनी गावकऱ्यांशी बोलून वाळूत राखीव कुंपण उभारले. रात्री किनाऱ्यावर फिरायचे, मादीच्या पावलांचा माग काढत घरटे शोधायचे, अंडी अलगद उचलून कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरायची. पन्नासेक दिवसांनी वाळू खचते आणि पिल्ले वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की ती दिसतात, मग त्यांना भिजल्या वाळूवर सोडायचे. पुढचे अंतर ती स्वतः चालतात. पूर्वी अंडी गोळा करणारे हातच राखणीला लागले. कासव महोत्सव सुरू झाला, मुंबई-पुण्याची माणसे मुलाबाळांसह वेळासच्या घरांतून उतरू लागली, उकडीचे मोदक आणि सोलकढी यांना दाम मिळू लागले. आज कोकण किनाऱ्यावरच्या इतर अनेक गावांत कासवांची घरटी राखली जातात. सुरुवात कुठल्याही शासन निर्णयाने झाली नव्हती. शासन नंतर आले, आणि आले हे बरेच झाले.

वारसा आणि निसर्ग या दोन्हींसाठी झगडणारी माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत. मुंबईचे श्याम चैनानी हे त्यांतले मोठे नाव. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप’तर्फे ते वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले, टिपणे काढत राहिले, पत्रे लिहीत राहिले. मुंबईतल्या वारसा इमारतींसाठी १९९५ साली नियमावली झाली, त्यामागे त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा रेटा होता. डहाणू १९९१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाले, त्याही लढ्यांत ते होते. त्यांच्यासाठी जुनी इमारत आणि जुने जंगल ही एकाच कामाची दोन अंगे होती. तेव्हा त्यांनाही अडथळा आणणारे म्हटले गेले. पण २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा ठरल्या, त्या उभ्या होत्या म्हणूनच. पाचगणीचे टेबललँड हाही जांभ्याचाच सडा. तिथे आज बंगल्यांची रांग नाही, कारण कुणीतरी वेळेवर हरकत घेतली होती. चैनानी २०१० साली गेले. त्यांची गाठ घेण्याची संधी आता कुठल्याच मुख्यमंत्र्यांना नाही. रिसबूड, मराठे, काटदरे, वाटवे यांची मात्र आहे.

काय करता येईल, हे सांगायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. शिल्पांसाठी १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायदा आहे. जीवसृष्टीसाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याचे कलम ३७ आहे, आणि त्याखाली राज्याने जैवविविधता वारसा स्थळे घोषित केलीही आहेत. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, देवळाच्या कुंडात, एक मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा वारसा स्थळ झाली. देऊळ, नदीचा उगम आणि मासा तिथे एकत्र राखले गेले. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे गावाच्या देवराईतले रानजायफळाचे दलदलीचे वन त्याच वर्षी राखीव झाले. ते गावाने आधी शेकडो वर्षे राखले होते, शासनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हेच सड्याच्या बाबतीत करायचे आहे. फक्त इथे पुरातत्त्व आणि जैवविविधता मंडळ या दोघांनी एकाच सड्यावर एकत्र पाय ठेवायला हवा. आज पुरातत्त्ववाल्याला रेषा दिसते, वनस्पतिशास्त्रज्ञाला फूल दिसते, महसूलखात्याला मोकळी जागा दिसते, आणि पूर्ण सडा कुणाच्याच फाईलमध्ये नाही.

संरक्षण म्हणजे जमीन ओढून घेणे असा अर्थ झाला, तर हे काम पहिल्याच दिवशी बुडेल. मालकी मालकाचीच राहावी. सडा न फोडण्याचा मोबदला त्याला दरवर्षी मिळावा, वाटाड्याचे आणि पाहुणे उतरवण्याचे काम त्याच्या घराला मिळावे, गुरे चारण्याची आणि गवत काढण्याची वहिवाट चालू राहावी. कासला फुले राखण्यासाठी तारेचे कुंपण घातले गेले आणि पुढे ते काढून टाकावे लागले, हा अनुभव हाताशी आहेच. शेकडो वर्षे गुरे आणि माणसे ज्या पठारावर वावरली, त्याला कुलूप लावून ते टिकत नाही.

सगळ्यांत आधी हवी आहे ती पाहणी, आणि ती जागा ठरवण्याच्या अगोदर. आजवरचा क्रम उलटा आहे : आधी नकाशावर रेघ ओढायची, मग अधिसूचना, मग मोजणी, आणि गाव रस्त्यावर आले की अभ्यास समिती. ही वरातीमागून घोडी कोकणाने फार पाहिली. २०११ च्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाने ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या म्हणून सांगितले होते. त्या अहवालावर कितीही वाद झाले असोत, हा मुद्दा वादाचा नव्हता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या प्रत्येक सड्याची नोंद व्हावी. त्यात शिल्पे, वनस्पती, प्राणी, झरे आणि मालकांची वहिवाट हे सारे एकाच नकाशावर यावे, आणि उद्योगखात्याने जागा शोधताना तो नकाशा पुढ्यात ठेवणे बंधनकारक असावे. ज्यांनी हे काम स्वखर्चाने अर्धे करून ठेवले आहे, त्यांना समितीत निमंत्रित म्हणून कोपऱ्यात न बसवता निर्णयात वाटा द्यावा. बारसूच्या आणि नाणारच्या ग्रामस्थांनाही.

एक व्यावहारिक सूचना. ही पाहणी एका भेटीत उरकणारी नाही. शिल्पे दिसायला फेब्रुवारी ते मे हवा, गवत वाळलेले आणि माती सुटी असताना. दीपकाडी जूनमध्ये, सीतेची आसवे ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि झऱ्यांचे पाणी मोजायचे तर पुन्हा एप्रिल. म्हणजे कोणत्याही सड्याला किमान एक पूर्ण वर्ष दिले पाहिजे, आणि तेवढ्या वर्षात तिथे यंत्र चढता कामा नये. तसा आदेश येत्या पावसाळ्यापूर्वी निघावा, आणि पहिली बैठक मुंबईत न होता राजापूर तालुक्यात, ग्रामस्थांसमोर व्हावी, ही आग्रहाची विनंती.

कळावे.